गिरिजेला कोण सांगणार

६ एप्रिल १९५४, मंगळवार

मनगट अजून ठणकतंय. लाटणं धरवत नाही. आणि नेमके आजच गोदूबाईंकडे वेणूच्या रुखवताचे पापड सुरू झाले! आळीत लग्न निघालं की प्रत्येक घरातून एक लाटणं गेलंच पाहिजे, ही इथली रीत. आमच्या घरात बाई एकच – मी. समोरच्या हौसाबाई म्हणाल्या, "लाटायला नाही तर वाचायला या, मास्तरीणबाई. हात आमचे चालतील, तोंड तुमचं चालू दे." ह्या बाईच्या जिभेला हाड नाही. पण मनात काही ठेवत नाही, तेवढं बरं.

त्यांना वाटलं असणार मी पोथी आणीन. मी वाचनालयातली कादंबरी नेली. पन्नास वर्षांपूर्वीची, पुठ्ठा निघालेला, कडांना कसर लागलेली. नायिका गिरिजा. आईविना वाढलेली, लग्न ठरलेली. पहिली दोन प्रकरणं वाचली. सुरुवातीला पोळपाटांच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू येईना. तासाभराने लाटणी हळू झाली. मग मला कळलं, ऐकतायत.

वेणू खाली मान घालून लाट्या करत होती. वीस संपून एकविसावं. बाप लहानपणीच गेला. रंगाने सावळी, म्हणून दोन स्थळं परत गेली. हे तिसरं तिच्या मामांनी, बळीराममामांनी, आणलं – उरणच्या बाजूचं, मिठागरावर कारकून. बिजवर आहे. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी पाय घसरून विहिरीत गेली म्हणतात. गोदूबाई सगळ्यांना सांगतात, "बिजवर असला तरी वयाने फार नाही हो." कुणी विचारलेलं नसतं.

९ एप्रिल, शुक्रवार

आज तिसरं प्रकरण. लेखक महाशयांनी पानभर गोड गोड लिहून शेवटी एका ओळीत सांगून टाकलं – नवऱ्या मुलाची पहिली बायको इंदुरास जिवंत आहे! हे आपल्याला सांगितलं. गिरिजेच्या मामाला ठाऊक, भटजीला ठाऊक, घरातल्या आत्याला ठाऊक. गिरिजेला मात्र नाही.

मला आधी वाटलं, हा गृहस्थ चुकला. गुपित शेवटाला फोडायचं की सुरुवातीला? पण दुपारभर बघितलं आणि त्याची हुशारी कळली. आता गिरिजा नुसती तुळशीपाशी रांगोळी काढत बसली तरी ऐकणारीच्या पोटात गोळा येतो. ती हसली की जास्तच. काही घडायला नकोच. तिला ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, एवढ्यावर त्याने पुढची दोनशे पानं ओढलीत.

हौसाबाईंनी लाटणं आपटून विचारलं, "आता गिरिजेला कोण सांगणार?" मी पुस्तक मिटलं. "उद्या." सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. खोटं कशाला लिहू – फार मजा वाटली.

संध्याकाळी बळीराममामा आले. ते वाचनालयाचे चिटणीस. वार्षिक समारंभात या वर्षी एका स्त्रीने बोलावं असं त्यांनी समितीत मंजूर करून घेतलं, आणि ती स्त्री म्हणजे मी! पनवेलात हे पहिल्यांदाच. विषय मीच सुचवला – जुनी कादंबरी नायिकेभोवती ताण कसा उभा करते. ते म्हणाले, "वा, मास्तरीणबाई, विषय डोक्यात तयारच होता की." हे आतून ऐकत होते. रात्री दोनदा मला भाषणबाई म्हणाले.

१३ एप्रिल, मंगळवार

गव्हाणची भामा कोळीण कोळंबी घेऊन आली. एरवी पाटी उतरवते, वाटा मांडते, भाव सांगते, जाते. आज पाटी उतरवून पायरीवर बसून राहिली. पाणी मागितलं. मग हळू म्हणाली, "बाय, वेनूला देताव त्या घरची गोठ तुमाला ठाव हाय का?"

तिची बहीण जनी त्याच गावात दिलेली आहे. त्यांच्या अंगणासमोरच जनीचं दार.

"त्या पयल्या बायकोचा पाय घसरला नाय, बाय. तो तिला दुपारची उन्हान उबी करायचा. हातान भरली कलशी दिऊन. पानी सांडलं का मारायचा. सासू दारान बसून बगायची. शेवटला ती कलशी घिऊनच इहिरीवर गेली. जनीनं डोल्यानं बगितलंय."

मी म्हटलं, हे तू बळीराममामांना सांग. ती हसली नाही की रागावली नाही. "मी मावरं इकनारी. मना दारान तरी उबी करतील का? तुमी शिकलेल्या. तुमचं आयकतील. तुमी सांगा."

मी "सांगते" म्हटलं. कोळंबी घेतली. उद्याच सांगणार. लग्नाला महिना आहे, अजून काही बिघडलेलं नाही.

१४ एप्रिल, बुधवार

सगळ्यांच्या आधी गेले. गोदूबाई एकट्याच उडदाचं पीठ चाळत होत्या. वेणू मागे विहिरीवर. मी म्हटलं, "गोदूबाई, एक बोलायचं होतं."

त्यांनी चाळणी ठेवली. माझ्याकडे बघितलं. "बोला की."

मी म्हणाले, "पापडखार जरा बेताने घाला. कालचा पापड भाजून बघितला, कडवट लागला."

हे मी म्हणाले! लेखकाच्या युक्त्यांची मी भाषणासाठी टिपणं काढते आहे. त्यात दुसरी युक्ती हीच – कुणी गिरिजेला सांगायला तोंड उघडलं की दूध उतू जातं, दाराशी पाहुणा येतो, भटजी पंचांग घेऊन हजर होतात. कालच मी हसून लिहून ठेवलं होतं की लेखकाच्या चुलीवर दूध जरा जास्तच असतं. माझ्यापाशी काही उतू गेलं नाही. कुणी आलं नाही. घर गप्प होतं, ती बाई माझ्या तोंडाकडे बघत बसली होती, आणि मी पापडखार काढला.

१७ एप्रिल, शनिवार

ह्यांना सांगितलं. पानावर बसल्या बसल्या ऐकून घेतलं. म्हणाले, "बहीण सांगते, म्हणून कोळीण सांगते, म्हणून तू सांगणार. उद्या खोटं निघालं तर? लग्न मोडल्याचं खापर आपल्या डोक्यावर. मुलीचं दुसरं जमलं नाही तर जन्मभराचं." मग ताक ओतून घेत, "आणि बळीरामपंतांनी तुझ्या नावासाठी समितीत किती वाद घातलाय माहीत आहे? निदान भाषण तरी होऊन जाऊ दे."

मला राग यायला हवा होता. सुटल्यासारखं वाटलं. नवऱ्याने सांगितलं, आता माझ्याकडे काही नाही, असं. बायकांना हा एक बरा आडोसा असतो. कधी नव्हे ती मी आज्ञाधारक झाले.

भामा आज आली तेव्हा तिने विचारलं, "सांगितलंव?" मी म्हटलं, "सांगते ग, वेळ बघून सांगते." तिने बोंबलांचा वाटा जरा जास्तच घातला. तो मी घेतलाही.

२० एप्रिल, मंगळवार

एक युक्ती सुचली. आज अमलात आणली.

तोंडाने सांगवत नाही, पुस्तकाने सांगवेल! नवव्या प्रकरणात आत्या एकटी बसून मुलाच्या पहिल्या बायकोबद्दल विचार करते, असा अर्धा परिच्छेद आहे. तो संपला तरी मी थांबलेच नाही. डोळे पानावर, आणि तोंडाने माझं. भर दुपार. तापलेलं अंगण. हातात भरलेली कळशी. सासू उंबऱ्यावर बसून सुपारी कातरते आहे. पाणी काठाशी हलतंय. एक थेंब पायावर पडला, दुसरा मातीत. मग विहीर. पुस्तकातली जिवंत राहायला हवी, म्हणून शेवटी लोकांनी तिला वर काढली, एवढं जोडलं. सगळं त्या जुन्या भाषेत – "तो नराधम", "ती अबला". कुणाला संशय येणार नाही असं. गोदूबाई उमजतील. वेणू उमजेल. आणि मी कुणाला काही सांगितलेलं नसेल.

लाटणी थांबली. सगळीच्या सगळी. हौसाबाईंनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, "काय हो हे लेखक, कुठून सुचतं ह्यांना!" आणि मला गुदगुल्या झाल्या. हो, झाल्या. आत कुठेतरी एक बाई म्हणत होती – ते मला सुचलं.

गोदूबाई म्हणाल्या, "असली माणसं असतात हो." आणि पुढची लाटी मागितली. बस. आपल्या जावयाचं नाव त्यांच्या डोक्यात कुठून येणार? ते पुस्तकातलं होतं ना!

वेणूने लाटी हातात तशीच धरली होती. ती पुस्तकाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली.

२१ एप्रिल, बुधवार

आज हौसाबाईंनी शेजारच्या आळीतल्या दोघींना आणलं. "त्या कळशीचं पुन्हा वाचा," म्हणाल्या. वाचलं. कालच्यापेक्षा चांगलं वाचलं.

२३ एप्रिल, शुक्रवार

लाज वाटते. हे कुठे बोलायची सोय नाही, म्हणून इथे.

एक मुलगी खरोखर मेली. मी तिचा देखावा केला. दोनदा केला. दुसऱ्या वेळी थेंब जास्त सांडले, कारण पहिल्या वेळी बायका थेंबाला हळहळल्या होत्या. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशातली गत. आणि ज्यासाठी केलं म्हणते, ते तर झालंच नाही. ज्यांना कळायला हवं त्यांना कळलं नाही. ऐकणाऱ्यांची करमणूक झाली.

मी स्वतःला विचारलं – समज, भाषण नसतं. तर सांगितलं असतंस? उत्तर आलं नाही. मग विचारलं – वेणू समोर बसलेली असते, तिला ठाऊक नाही आणि तुला ठाऊक आहे, हे तुला नकोसं वाटतं का? त्याचं उत्तर आलं. ते लिहिते. पूर्ण नकोसं वाटत नाही. ती हसली की पोटात गोळा येतो, आणि त्या गोळ्याची चटक लागल्यासारखी झाली आहे. रोज दुपारी मी तिच्याकडे गिरिजा म्हणून बघते. हे कुणाला कळलं तर मला तोंड दाखवता येणार नाही.

२८ एप्रिल, बुधवार

पापड संपले. कादंबरीही संपली. लेखकाने शेवट फार ताणला. मांडव, वाजंत्री, मामाने गिरिजेला आणून उभी केलेली, मध्ये अंतरपाट, भटजींनी शेवटची मंगलाष्टका उचललेली. एकेक श्लोक एकेका पानाचा. आणि मग ती आत्या – भावाच्या जिवावर जगणारी, विधवा, उभ्या पुस्तकात जिला कुणी विचारलं नाही – पुढे येऊन अंतरपाटाचं टोक धरते. "थांबा."

बायका रडल्या. हौसाबाईंनी कानशिलांवर बोटं मोडून आत्याची दृष्ट काढली. सगळ्यांना इतकं बरं वाटलं की गोदूबाईंनी चहा टाकला.

वेणू रडली नाही. कप गोळा करताना माझ्यापाशी थांबली. "काकू, त्या आत्याचं पुढं काय झालं? तिला घरात ठेवली?"

मी म्हटलं, "ते पुस्तकात नाही ग. गिरिजेचं लग्न मोडलं तिथे कादंबरी संपली."

"मला ते ऐकायचं होतं," म्हणाली.

मी हसले. म्हटलं, तू तर लेखकालाच कोड्यात टाकलंस. भाषणात हे घ्यावं असं मनात आलं.

३ मे, सोमवार

वेणू पुस्तक मागायला आली. "एक दिवस नेऊ का, काकू? परत करते." चौथीपर्यंत शिकलेली आहे, वाचता येतं. मला नाही म्हणता येईना. वाचनालयाची पावती माझ्या नावावर आहे, फाडू नकोस, एवढंच म्हटलं. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता.

भामा दारावरून गेली. थांबली नाही. हल्ली विचारत नाही.

५ मे, बुधवार. अक्षय तृतीया

वेणू पुस्तक घेऊन आली. भर दुपारी. हे शाळेच्या कामाला गेलेले. घरात मी एकटी.

पुस्तक माझ्या हातात दिलं नाही. आपल्या मांडीवर ठेवून बसली. म्हणाली, "काकू, कळशीचं पान सापडलं नाही."

मी म्हटलं, नीट बघितलंस का.

"दोनदा वाचलं. त्यात कळशी नाही. विहीर पण नाही. तुम्ही कुठून आणलंत?"

तिच्या आवाजात काही नव्हतं. एखादीने भाजीचा भाव विचारावा तसा प्रश्न. हीच वेळ होती. यापेक्षा सोपी वेळ कुणालाही मिळत नाही. तिनेच दार उघडून दिलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. भाषण तीन दिवसांवर. मामांच्या हातची छापील आमंत्रणं गावभर गेलेली. माझं नाव मोठ्या टाइपात.

मी म्हणाले, "ते मी मनचं घातलं ग. रंगत यावी म्हणून."

"मनचं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

ती म्हणाली, "बरं." उठून पुस्तक फडताळावर ठेवलं, नीट, कडेला कड लावून. वाटेत हळदीकुंकवाचा करंडा होता, त्यातलं कुंकू स्वतःच लावून घेतलं आणि गेली. मी आत जाऊन घागरीतलं पाणी प्यायले. नंतर चूळ भरली. एकदा नाही, पुष्कळदा.

एवढे दिवस मी गप्प होते. आज खोटं बोलले. गप्प बसण्याला निदान "वेळ बघते आहे" असं नाव देता येत होतं.

८ मे, शनिवार

भाषण झालं. चांगलं झालं. टाळ्या पडल्या. मी सांगितलं, थोर लेखक नायिकेला संकटात टाकत नाही, आपल्याला टाकतो. आपण तिच्यापाशी असतो, सगळं जाणतो, आणि आपल्याला तोंड नसतं. वाचक मुका असतो, म्हणून ताण. शेवटचं वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून पाठ केलेलं होतं.

बळीराममामांनी नारळ दिला. म्हणाले, "आमच्या वेणूच्या लग्नाला तुमचा मान पहिला."

बायकांच्या बाजूला वेणू बसली होती. शेवटच्या रांगेत, भिंतीशी. तिने टाळ्या वाजवल्या की नाही ते मी बघितलं नाही. बघायचं टाळलं, असं लिहायला हवं.

वाचक मुका असतो! मी काय वाचक आहे?

११ मे, मंगळवार

भाषण झालं, आता कारण उरलं नाही. आज गेलेच. मनात वाक्य ठरवून गेले – "गोदूबाई, त्या घरी मुलगी देऊ नका." एवढंच. पुढचं पुढे.

ओटीवर रुखवत मांडलेलं. आमचे पापड, लाल-पिवळ्या दोऱ्यांनी बांधलेले. गोदूबाईंनी मला हात धरून बसवलं. त्यांच्या हातावर पहिल्यांदाच मेंदी बघितली – पोरींनी हट्टाने एका बोटाला लावली म्हणाल्या, विधवेला कशाला, पण पोरी ऐकेनात. इतकं बोलून लाजल्या. एवढी वर्षं शेजारी राहते, ही बाई लाजते हे मला माहीत नव्हतं.

ते बोट बघितलं आणि माझं वाक्य गेलं. लाडू खाऊन आले. आता ह्यांचीही ढाल नाही, भाषणाचीही नाही. मी भित्री आहे, हे नागडं कळलं.

१६ मे, रविवार

लग्न झालं.

मामांनी मला पुढे उभी केली, मान म्हणून. अंतरपाट माझ्यापासून दोन हातांवर होता. मुलगा दिसायला नीटनेटका. हात मऊ, कारकुनाचे. सासू सगळ्यांशी गोड बोलत होती. मी त्या दोघांत काही दिसतं का ते शोधत होते. काही दिसत नाही. असल्या माणसांच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

मंगलाष्टका चालल्या. हौसाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता तुमची ती आत्या आली म्हणजे झालं!" आणि स्वतःच हसल्या. मी पण हसले.

वेणूने एकदा मान वर केली. अंतरपाटाकडे नाही, माझ्याकडे. नवरीने मान वर करू नये म्हणून मागून कुणीतरी तिचं डोकं खाली दाबलं.

मी अक्षता टाकल्या. सगळ्यांनी टाकल्या तेव्हाच. थोड्या तिच्या खांद्यावर पडल्या.

१७ मे, सोमवार

पुस्तक वाचनालयात परत केलं. काही वाचवत नाही.

१२ जुलै, सोमवार

किती दिवसांनी लिहिते आहे. आषाढ लागून बरेच दिवस झाले. पहिल्या आषाढात नवी सून माहेरी येते, सासूचं तोंड बघत नाही, अशी पद्धत. आळीतल्या इतर लेकी येऊन बसल्या. वेणू आली नाही. आनंदाला, वेणूच्या चुलतभावाला, आणायला धाडलं होतं. तो एकटाच परतला. पायाला लागलंय, चालवत नाही, पुढच्या महिन्यात बघू, असं सासूने दारातूनच सांगितलं म्हणे. वेणू त्याला दिसली नाही. नुसता चहा मिळाला.

गोदूबाई आमच्याकडे आल्या होत्या. बसल्या नाहीत. उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "पाय घसरला असेल, नाही हो? पावसाचं शेवाळ असतं." माझ्याकडून हो ऐकायला आल्या होत्या. मी हो म्हणाले नाही. पहिल्यांदा. पण दुसरंही काही म्हणाले नाही. त्या गेल्या.

ह्यांना म्हटलं, उरणला जाऊन बघून या. हे म्हणाले, "कुठल्या नात्याने?"

मी म्हटलं, मग मी जाते. ते वर्तमानपत्रातून डोकं काढून बघत राहिले.

१३ जुलै, मंगळवार

गेले नाही. पाऊस फार होता. पाऊस नसता तर काय असतं कोण जाणे.

२७ जुलै, मंगळवार

आज भामा आली. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या दारात पाटी उतरवली. चिंबोऱ्या होत्या. मी घाईघाईने म्हणाले, भामा, मी सांगणार होते ग, वेळच मिळाली नाही, आणि त्या पोरीला तरी बिचारीला काय कल्पना, ती हसत हसत गेली.

भामा चिंबोऱ्यांचे पाय बांधत होती. वर न बघता म्हणाली, "तिला ठाव व्हतं, बाय. मी तिलाच पयलं सांगितलेलं, तुमच्या आदी. ती बोल्ली, माजं घरान कोन आयकतं? मास्तरीनबाय बोलल्या तर मामा गप बसंल. त्यांना जाऊन सांग, पन माजं नाव काडू नको. तिनाच मना तुमच्याकडं धाडली व्हती."

मग तिने विचारलं, किती देऊ.